पायांच्या धमन्यांतील स्टेंट : उपचाराचे फलित

हृदयविकारावरील उपचारांमुळे ‘स्टेंट’ हा शब्द आता खेडोपाडीही परिचयाचा झाला आहे. हृदयाच्या धमनीत बसवली जाणारी ही धातूची जाळीदार नळी पायाच्या अरुंद झालेल्या धमनीतही बसवली जाते, ही गोष्ट मात्र तितकीशी ज्ञात नाही. वास्तविक पाहता, शस्त्रक्रिया न करता धमनी आतून रुंद करण्याच्या विद्येचा आरंभ पायाच्या धमनीपासूनच झाला. या उपचाराने पाय वाचतो काय, चालणे सुधारते काय आणि झालेली सुधारणा किती काळ टिकते, या प्रश्नांची उत्तरे आता निरनिराळ्या देशांतील पद्धतशीर चाचण्यांतून उपलब्ध झाली आहेत. धमनी कोणत्या जागी अरुंद झाली आहे आणि विकार कोणत्या अवस्थेला पोहोचला आहे, यांनुसार ती उत्तरे बदलतात. ग्रामीण भागात आजारी माणसाला सल्ला देण्याचा प्रसंग शिक्षकांवर, पंचायत सदस्यांवर आणि शासकीय कर्मचाऱ्यांवर वारंवार येतो. त्या दृष्टीने या फलिताचा परिचय करून घेणे उपयुक्त ठरेल.

विकाराचे स्वरूप

हृदयातून निघालेले शुद्ध रक्त पोटातील महाधमनीतून खाली येते. बेंबीच्या पातळीजवळ तिच्या दोन शाखा होतात. त्यांना इलियाक धमन्या म्हणतात. त्या पुढे मांडीत, गुडघ्यामागे आणि तेथून तीन शाखांनी पोटरीत व पावलात जातात. वाढते वय, धूम्रपान, मधुमेह, उच्च रक्तदाब आणि रक्तातील वाढलेले कोलेस्टेरॉल यांमुळे या धमन्यांच्या आतील स्तरात मेदयुक्त थर साचतात, त्यांत चुना जमतो आणि रक्ताचा मार्ग अरुंद होत जातो. मराठी वैद्यकीय परिभाषेत यास रोहिणीविलेपी विकार असे नाव आहे. २०१५ साली जगात सुमारे २३ कोटी ६० लाख लोकांच्या पायांत हा विकार असावा, असा अंदाज संशोधकांनी वर्तवला आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार आपल्या देशात मधुमेहींची संख्या १० कोटींवर गेली आहे. हे ध्यानी घेता हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही, हे स्पष्ट होईल.

विकाराची पहिली खूण म्हणजे चालताना पोटरीत, मांडीत किंवा कुल्ल्यात येणारी कळ. ठरावीक अंतर चालले की वांब आल्यासारखे दुखू लागते, थांबले की काही मिनिटांत थांबते आणि पुन्हा तेवढेच अंतर चालले की पुन्हा सुरू होते. स्नायूंना चालताना अधिक रक्त लागते व अरुंद धमनी ते पुरवू शकत नाही, हे त्याचे कारण. ‘वयोमानाप्रमाणे पाय दुखणारच’ असे समजून अनेकजण त्याकडे दुर्लक्ष करतात. पुढील अवस्थेत विश्रांती घेत असतानाही, विशेषतः रात्री अंथरुणावर, पाऊल ठणकते. रुग्ण पाय खाटेखाली लोंबता सोडून बसतो, कारण त्यामुळे पावलाकडे थोडे अधिक रक्त उतरते. यानंतरची अवस्था म्हणजे बरी न होणारी जखम आणि अखेरीस बोटे काळी पडणे, म्हणजेच कोथ. मधुमेहात पायाची संवेदना मंदावलेली असल्याने पुष्कळदा चालतानाची कळ जाणवतच नाही आणि रुग्ण एकदम जखम घेऊनच डॉक्टरांपुढे येतो.

निदानाची पहिली पायरी अगदी साधी आहे. घोट्याजवळील रक्तदाब व दंडावरील रक्तदाब मोजून त्यांचे गुणोत्तर काढतात. ते ०.९० किंवा त्याहून कमी आल्यास पायाच्या धमन्या अरुंद झाल्या आहेत असे समजले जाते. मधुमेहींच्या धमन्या चुना साचून कडक होत असल्याने हे गुणोत्तर कधी कधी फसवे, म्हणजे वाजवीपेक्षा अधिक येते. अशा वेळी अंगठ्यातील रक्तदाब मोजावा लागतो. धमनी नेमकी कोठे आणि किती लांब अरुंद झाली आहे, हे डॉप्लर सोनोग्राफीवरून व आवश्यक तर अँजिओग्राफीवरून ठरते.

उपचाराचा इतिहास

१६ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात, पोर्टलंड येथे डॉ. चार्ल्स डॉटर यांनी ८२ वर्षांच्या एका वृद्धेवर हा उपचार प्रथम केला. तिच्या पावलात कोथ झाला होता. पाय कापून टाकण्याचा सल्ला मिळाला होता आणि तिने त्यास साफ नकार दिला होता. डॉटर यांनी तिच्या मांडीतील अरुंद धमनीतून तार नेली व तिच्यावरून क्रमाक्रमाने जाड नळ्या सरकवून मार्ग रुंद केला. पावलाकडे रक्त वाहू लागले, वेदना थांबली, जखम भरून आली. त्यानंतर दोन वर्षांहून अधिक काळ, मृत्यू येईपर्यंत, ती स्वतःच्या पायांवर चालत होती.

रुंद केलेली धमनी पुन्हा आकसू नये म्हणून आतून आधार द्यावा, ही कल्पनाही डॉटर यांचीच. १९६९ साली त्यांनी कुत्र्यांच्या पायांच्या धमन्यांत तारेची वेटोळी बसवून तिचा प्रयोग केला. १९७४ साली झुरिक येथे डॉ. आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी जाड नळ्यांच्या ऐवजी टोकाशी फुगा असलेली बारीक नळी पायाच्या धमनीत वापरली. १९८५ साली डॉ. हुलिओ पाल्माझ यांनी फुग्याने उघडणाऱ्या धातूच्या जाळीचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांच्या स्टेंटला १९९१ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इलियाक धमनीसाठी मान्यता दिली. पुढे निकेल व टायटॅनियम यांच्या निटिनॉल या मिश्रधातूचे स्टेंट आले. दाबले तरी पूर्ववत आकार घेण्याचा या धातूचा गुण असल्याने, सतत वाकणाऱ्या व दाबल्या जाणाऱ्या मांडीतील धमनीसाठी ते अधिक योग्य ठरले.

आज हा उपचार बहुधा जांघेतील जागा बधिर करून, सुईच्या छिद्रातून केला जातो. रुग्णाला संपूर्ण भूल द्यावी लागत नाही व बहुतेकांना एक-दोन दिवसांत घरी जाता येते. तथापि हा उपचार पूर्णतः निर्धोक आहे असे नव्हे. छिद्राच्या जागी रक्तस्राव होणे, थराचा तुकडा सुटून खालची धमनी बंद होणे, तपासणीसाठी दिलेल्या औषधाचा मूत्रपिंडावर परिणाम होणे, हे धोके संभवतात.

फलित मोजण्याची परिमाणे

या उपचाराच्या यशाविषयी बोलताना तीन निरनिराळ्या गोष्टींची सरमिसळ होते. धमनी उघडी राहिली काय, हे पहिले परिमाण. रुग्ण पूर्वीपेक्षा अधिक चालू लागला काय, हे दुसरे. पाय व प्राण वाचले काय, हे तिसरे. सोनोग्राफीत धमनी उघडी दिसूनही रुग्णाचे चालणे फारसे सुधारलेले नसते, असे घडते. तसेच धमनी पुन्हा अरुंद होऊनही तोवर जखम भरून आली असल्याने पाय वाचलेला असतो, असेही घडते. म्हणून कोणताही आकडा पाहताना तो कोणत्या परिमाणाचा आहे, हे प्रथम विचारले पाहिजे.

जागेनुसार फलित

कमरेच्या पातळीवरील इलियाक धमन्या रुंद असतात आणि सांध्याच्या हालचालीने फारशा वाकत नाहीत. त्यामुळे तेथे फलित सर्वांत चांगले मिळते. नेदरलँड्समध्ये २७९ रुग्णांवर झालेल्या व १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका गटास थेट स्टेंट बसवला; दुसऱ्या गटात प्रथम फुग्याने धमनी रुंद केली आणि परिणाम अपुरा वाटल्यासच स्टेंट बसवला. दोन वर्षांनी धमनी उघडी राहण्याचे प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच, म्हणजे ७१ व ७० टक्के होते. दुसऱ्या गटात ४३ टक्के रुग्णांनाच स्टेंटची गरज भासली. प्रत्येक अरुंद धमनीत स्टेंट बसवलाच पाहिजे असे नाही, हा या चाचणीचा बोध होय. धमनी पूर्णपणे बंद झाली असेल तर मात्र थेट स्टेंट बसवल्यास गुंतागुंत कमी होते, असे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील चाचणीत आढळले.

मांडीतील धमनीची परिस्थिती निराळी आहे. ती लांब असते. चालताना, बसताना ती पिळली जाते, दाबली जाते. व्हिएन्ना येथे १०४ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. उपचार केलेल्या भागाची सरासरी लांबी सुमारे १३ सेंटिमीटर होती. एका वर्षानंतर धमनी पुन्हा अरुंद होण्याचे प्रमाण फुग्याच्या गटात ६३ टक्के, तर स्टेंटच्या गटात ३७ टक्के आढळले. स्टेंट बसवलेले रुग्ण अधिक अंतर चालू शकत होते. पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीत २४४ रुग्ण होते, परंतु त्यांच्या धमनीचा अरुंद भाग सरासरी साडेचार सेंटिमीटरच होता. तेथे ही प्रमाणे अनुक्रमे ३९ व ३२ टक्के आली आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. दोन्ही चाचण्या एकत्र पाहिल्यास असे दिसते की, लांब भागासाठी स्टेंटचा लाभ स्पष्ट आहे. आखूड भागासाठी प्रथम फुगा वापरून पाहणे गैर नाही. आणखी एक गोष्ट यातून लक्षात येते. स्टेंट बसवूनही लांब भागाच्या बाबतीत दर दहांपैकी तीन-चार रुग्णांची धमनी वर्षभरात पुन्हा अरुंद होते. या वस्तुस्थितीची कल्पना रुग्णास उपचारापूर्वी असावयास हवी.

धमनीच्या हालचालींमुळे स्टेंट मोडण्याचाही प्रश्न उद्भवला. जर्मनीतील डॉक्टरांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १२१ पायांपैकी ४५ पायांत स्टेंटला तडा गेल्याचे किंवा तो मोडल्याचे आढळले. स्टेंट जितका लांब तितके हे प्रमाण अधिक होते. नंतरच्या काळात रचनेत सुधारणा होऊन हे प्रमाण बरेच घटले. जांघेच्या घडीत व गुडघ्याच्या मागे, जेथे धमनी वारंवार वाकते, तेथे स्टेंट बसवणे आजही शक्यतो टाळले जाते.

स्टेंटच्या जाळीतून नव्या पेशी वाढून मार्ग पुन्हा अरुंद होऊ नये, यासाठी पॅक्लिटॅक्सेल या औषधाचा लेप दिलेले स्टेंट तयार झाले. ४७९ रुग्णांवरील चाचणीत पाच वर्षांनी धमनी उघडी राहण्याचे प्रमाण असे स्टेंट बसवलेल्या गटात ६६ टक्के, तर फुगा व आवश्यक तेथे साधा स्टेंट वापरलेल्या गटात ४३ टक्के होते. २०१८ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात मात्र या औषधाच्या उपकरणांमुळे मृत्यूचे प्रमाण वाढत असावे असा संशय व्यक्त झाला व जगभर त्यांचा वापर घटला. पुढे अधिक रुग्णांची आणि अधिक काळाची माहिती तपासल्यावर, मृत्यूचा धोका वाढतो असे दिसत नाही, असा निर्वाळा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जुलै २०२३ मध्ये दिला.

गुडघ्याखालील धमन्या अगदी बारीक असतात. तेथे प्रामुख्याने फुग्याचाच वापर होतो आणि धमनी पुन्हा बंद होण्याचे प्रमाणही मोठे असते. कालांतराने शरीरात विरघळून जाणाऱ्या, औषधयुक्त आधारनळीला या जागेसाठी एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली आहे. तिच्या दीर्घकालीन फलिताचे मूल्यमापन होण्यास अवधी लागेल.

चालण्याच्या व्यायामाशी तुलना

ज्या रुग्णास केवळ चालताना कळ येते, ज्याच्या पायावर जखम नाही, त्याच्या बाबतीत एक महत्त्वाची चाचणी अमेरिकेत झाली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत इलियाक भागात विकार असलेले १११ रुग्ण होते. एका गटास केवळ औषधे दिली, दुसऱ्या गटास स्टेंट बसवला आणि तिसऱ्या गटाकडून देखरेखीखाली आठवड्यातून तीनदा, प्रत्येकी सुमारे एक तास, चालण्याचा व्यायाम सहा महिने करून घेतला. औषधे तिन्ही गटांना होती. सहा महिन्यांनंतर फिरत्या पट्ट्यावर चालण्याच्या कमाल वेळेत केवळ औषधांच्या गटात सरासरी १.२ मिनिटांची, स्टेंटच्या गटात ३.७ मिनिटांची आणि व्यायामाच्या गटात ५.८ मिनिटांची वाढ झाली. म्हणजे ज्या जागी स्टेंटचे यश सर्वाधिक, तेथेही चालण्याच्या क्षमतेत व्यायाम सरस ठरला. दैनंदिन जीवनातील समाधानाविषयी रुग्णांना विचारले असता मात्र स्टेंटचा गट पुढे होता. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील २१२ रुग्णांच्या चाचणीत केवळ व्यायामापेक्षा धमनी रुंद करण्याचा उपचार आणि व्यायाम ही जोड अधिक लाभदायक ठरली.

या व्यायामाची रीत अशी आहे : कळ येईपर्यंत चालावे, ती वाढल्यावर थांबावे, शमली की पुन्हा चालावे, असे तीस ते पन्नास मिनिटे, आठवड्यातून किमान तीन दिवस आणि निदान तीन महिने करावे. त्यास खर्च नाही. हवी ती चिकाटी आणि कोणाची तरी देखरेख. छातीत दुखत असल्यास किंवा पायावर जखम असल्यास डॉक्टरांना विचारल्यावाचून तो करू नये.

असा रुग्ण पाय गमावण्याच्या भीतीने हादरलेला असतो. प्रत्यक्षात केवळ चालताना कळ येणाऱ्या रुग्णांपैकी ७० ते ८० टक्क्यांची स्थिती पाच वर्षे जवळपास स्थिर राहते. त्यांना खरा धोका असतो तो हृदयविकाराचा व पक्षाघाताचा. पाच वर्षांत सुमारे २० टक्क्यांना तो गाठतो. पायाच्या धमन्यांचा विकार हा सर्व शरीरातील धमन्यांच्या विकाराची सूचना असतो, हे त्याचे कारण.

पाय धोक्यात असताना

विश्रांतीच्या वेळीही वेदना, न भरणारी जखम किंवा कोथ असेल तर प्रश्न पाय वाचवण्याचा असतो आणि तेथे विलंब परवडत नाही. अशा वेळी फुगा व स्टेंट, किंवा रुग्णाच्याच पायातील नीला काढून तिच्याद्वारे रक्ताला नवा मार्ग करून देणारी बायपास शस्त्रक्रिया, असे दोन पर्याय असतात. अमेरिका व अन्य देशांतील १,८३० रुग्णांच्या, २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, चांगली नीला उपलब्ध असलेल्या गटात पायासंबंधीची गंभीर घटना अथवा मृत्यू यांचे प्रमाण शस्त्रक्रियेनंतर ४२.६ टक्के, तर धमनीच्या आतून केलेल्या उपचारानंतर ५७.४ टक्के होते. योग्य नीला नसलेल्या गटात असा निर्णायक फरक दिसला नाही. ब्रिटन, स्वीडन व डेन्मार्क येथील ३४५ रुग्णांच्या, २०२३ सालच्या चाचणीत विकार गुडघ्याखालील धमन्यांत होता. तेथे पाय गमावण्याचे अथवा मृत्यूचे प्रमाण शस्त्रक्रियेच्या गटात ६३ टक्के व आतून केलेल्या उपचाराच्या गटात ५३ टक्के आले, म्हणजे निष्कर्ष उलट निघाला. दोन्ही चाचण्यांतील रुग्ण आणि विकाराच्या जागा सारख्या नव्हत्या. म्हणून नीला कशी आहे, विकार कोठे आहे व रुग्णाची प्रकृती शस्त्रक्रिया सोसण्याजोगी आहे काय, याचा विचार दोन्ही पद्धती जाणणाऱ्या तज्ज्ञांनी करून निर्णय घेणे इष्ट होय. दोन्ही चाचण्यांतील मोठे आकडे एक गोष्ट निःसंशय सांगतात : रुग्ण या अवस्थेस पोहोचण्यापूर्वीच विकार ओळखला गेला पाहिजे.

उपचारानंतरची दक्षता

स्टेंट धमनीचा एक भाग उघडा करतो. थर साचण्याची मूळ प्रक्रिया तो थांबवत नाही. त्यामुळे रक्ताची गुठळी होऊ न देणारी औषधे, कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन औषधे, रक्तदाब व मधुमेह यांवर नियंत्रण आणि तंबाखूचा संपूर्ण त्याग यांवर फलिताचे टिकणे अवलंबून असते. बरे वाटू लागताच गोळ्या स्वतःहून बंद करणे धोक्याचे आहे. ठरलेल्या वेळी तपासणी करून घेतल्यास पुन्हा अरुंद होऊ लागलेली धमनी पूर्ण बंद होण्याआधी लक्षात येते. पाय एकाएकी थंड व फिकट पडून तीव्र वेदना सुरू झाल्यास धमनी अकस्मात बंद झाली असे समजावे आणि रुग्णास त्याच क्षणी मोठ्या रुग्णालयात न्यावे; अशा वेळी काही तासांतच पायाचे भवितव्य ठरते.

विडी-सिगारेट ओढणाऱ्या तरुणांत आढळणारा बुर्गर यांचा विकार यापासून वेगळा आहे. त्यात हातापायांच्या टोकाकडील बारीक धमन्या दाहामुळे बंद होतात. तेथे स्टेंटचा सहसा उपयोग होत नाही. तंबाखू कायमची सोडणे हाच प्रमुख उपचार ठरतो.

गावपातळीवरील कर्तव्य

तीस वर्षांवरील व्यक्तींची मधुमेह व रक्तदाब यांसाठी तपासणी करण्याची सोय शासकीय आरोग्य केंद्रांत आहे. या तपासणीसाठी येणाऱ्या मधुमेहींची पावलेही पाहिली जावीत, बोटांच्या बेचक्या, टाचेच्या भेगा, कुरुपे व नखे यांकडे लक्ष दिले जावे, असा आग्रह पंचायत सदस्यांना धरता येईल. कुरूप ब्लेडने कापणे, सुन्न पाय शेकणे, अनवाणी शेतात जाणे यांतील धोका शिक्षक विद्यार्थ्यांमार्फत घरोघरी पोहोचवू शकतील. दोन आठवड्यांत भरून न येणारी पायाची जखम असलेला रुग्ण आढळल्यास केवळ मलमपट्टीवर समाधान न मानता त्याच्या पायातील रक्तपुरवठ्याची तपासणी व्हावी, याची दक्षता घेतली पाहिजे. उपचाराच्या खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कोणती तरतूद लागू होते, याची चौकशी संबंधित रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे करता येते.

स्टेंटने अनेकांचे पाय वाचले आहेत आणि अनेकांना पुन्हा बाजारापर्यंत, शेतापर्यंत चालत जाता येऊ लागले आहे. मात्र योग्य जागी, योग्य अवस्थेत आणि नंतरच्या पथ्यासह झालेल्या उपचारालाच हे फळ येते. रुग्णाने व त्याच्या आप्तांनी डॉक्टरांना तीन प्रश्न अवश्य विचारावेत : पायाला तातडीचा धोका आहे काय? व्यायाम व औषधे पुरेशी ठरतील काय? स्टेंट बसवल्यास तो किती काळ उघडा राहण्याची शक्यता आहे? हे प्रश्न वेळेवर विचारले गेले, तर काही अनावश्यक स्टेंट टळतील आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, अकारण गमावले जाणारे काही पाय वाचतील.